बाळाचं नाव पुढे करून

गेल्या महिन्यात आमच्या बस्तीच्या मंगल कार्यालयात एक ओटीभरण झालं. मुलीला सातवा महिना. हिरवी साडी, फुलांचे दागिने, सगळं साग्रसंगीत. गाणी झाली, बर्फी की पेढा तेही झालं, आणि फराळाच्या ताटावर शेजारची एक बाई सहज म्हणाली, "हिला म्हणे डोक्याच्या गोळ्या चालू होत्या. सासूनं बंद केल्या, बरं केलं. पोटातल्या जिवाला उगाच विष कशाला?" आजूबाजूच्या सात-आठ जणींनी माना डोलावल्या. मी ताट खाली ठेवलं आणि बोलले. पण रागाच्या भरात बोललेलं धड जुळत नाही. त्यातल्या दोघी अजून माझ्याशी बोलत नाहीत. म्हणून आता सावकाश लिहिते.

आधी माझं सांगते. नऊ वर्षांपूर्वी अशीच मान मीही डोलावली होती.

माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. एम.कॉम.च्या वर्षाला असताना तिचं मन गेलं. म्हणजे रडणं वगैरे नाही. सकाळी उठायचंच नाही, केस विंचरायचे नाहीत, पुस्तक समोर धरून तेच पान दोन तास. मिरजेच्या डॉक्टरांनी गोळी चालू केली. दोन-तीन महिन्यांत मुलगी माणसांत आली, परीक्षा दिली, पतसंस्थेत नोकरीला लागली. लग्न ठरताना आम्ही सासरच्यांना हे सांगितलं होतं. त्यांनीही "आजकाल कुणाला काय नसतं" म्हणून मोठ्या मनानं घेतलं. 2016 साली तिला दिवस राहिले तोवर सगळं सुरळीत होतं.

त्याच सुमारास आमच्याकडे गर्भसंस्काराचं तीन दिवसांचं शिबिर भरलं होतं. बाहेरगावाहून आलेल्या बाई बोलायला गोड. त्यांच्या हातात एका इंग्रजी वर्तमानपत्राचं कात्रण होतं : गर्भारपणात डिप्रेशनची गोळी घेतली तर मूल ऑटिझमचं होण्याचा धोका 87 टक्क्यांनी वाढतो. सभागृहात एकदम शांतता पसरली. 87 टक्के! म्हणजे शंभरातली सत्त्याऐंशी मुलं, असंच आम्ही सगळ्या समजलो. बी.ए. झालेली मीसुद्धा.

त्या रात्री विहीणबाई गोळ्यांची पट्टी हातात घेऊनच माझ्याकडे आल्या. "ताई, तुमचं ऐकते ती. तुम्हीच सांगा." मुलगी दारात उभी होती. मी तिला म्हणाले, "पोरी, नऊ महिन्यांचाच तर प्रश्न आहे. णमोकार म्हणत जा, मन आपोआप शांत होईल." तिनं एकदाच विचारलं, "मावशी, डॉक्टरांना विचारू या का?" मी म्हणाले, डॉक्टर काय, गोळ्याच देणार. पट्टी विहीणबाईंनी केराच्या डब्यात टाकली. पण झाकण मी उघडून धरलं होतं, असंच मला आज वाटतं.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण सांगवत नाही. पहिल्या पंधरा दिवसांत चक्कर, मळमळ, "डोक्यात करंट बसल्यासारखं होतंय" अशी तक्रार. आम्ही म्हटलं, डोहाळे. पाचव्या महिन्यात बोलणं कमी झालं. आम्ही म्हटलं, गंभीर झाली, आई होणार ना. सहाव्यात जेवण सुटलं. सातव्यात एके पहाटे ती परड्यातल्या विहिरीच्या कठड्यावर बसलेली दिसली. दूध घालायला आलेल्या गवळ्याला दिसली म्हणून आज ती आहे. मूल आठव्यातच झालं, 1 किलो 800 ग्रॅमचं. काचेच्या पेटीत तीन आठवडे. आईला मुलाकडे बघवेना. माझ्या बहिणीनं त्याला वाटी-चमच्यानं वाढवलं. शेवटी तीच गोळी पुन्हा चालू झाली. मूल चार महिन्यांचं झालं तेव्हा एकदा ते रडलं आणि ती आपणहून उठून त्याच्याकडे गेली. त्या दिवशी बहिणीचा फोन आला, तर तिला बोलताच येत नव्हतं.

मुलगा आता चौथीत आहे. गणितात हुशार, घरभर उड्या मारतो. तो बरा आहे यात आमचं काही कर्तृत्व नाही.

एका घरात घडलं म्हणून मी त्याचं शास्त्र करत नाही. पण त्यानंतर मी वाचायला लागले. मुलगा इंजिनिअर, सून औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर. दोघांच्या मागे लागून समजून घेतलं. ते कात्रण खोटं नव्हतं. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातलं संशोधन, डिसेंबर 2015 मध्ये प्रसिद्ध झालेलं, सुमारे 1 लाख 45 हजार मुलांचं. त्यांत ऑटिझमची मुलं होती हजारात साधारण 7. ती 87 टक्क्यांनी वाढली तर होतात हजारात 13. हजारातली बाकीची 987 मुलं कुठे गेली? ती कात्रणाच्या मथळ्यात मावत नाहीत. टक्का कशाचा, हे विचारायला आपण भाजीवाल्याकडे चुकत नाही. इथे मात्र कुणीही विचारलं नाही.

आणि ते सात-तेरासुद्धा गोळीमुळेच का, हा पुढचा प्रश्न. दवाखान्यात घरापेक्षा जास्त माणसं दगावतात म्हणून दवाखाना माणसं मारतो असं आपण म्हणत नाही. गोळी कोण घेतं? जिला आजार आहे ती. आजाराचा, घराण्यातून आलेल्या गोष्टींचा, घरातल्या ताणाचा परिणाम वेगळा काढायचा कसा? 2017 मध्ये दोन मोठी संशोधनं एकाच वेळी आली, एक स्वीडनचं, 15 लाखांवर मुलांचं, आणि एक कॅनडाच्याच ओंटारिओचं. त्यांनी एकाच आईच्या दोन मुलांची तुलना केली. एकाच्या वेळी आईनं गोळी घेतलेली, दुसऱ्याच्या वेळी नाही. आई तीच, घर तेच. अशी तुलना केल्यावर ऑटिझमचा फरक उरला नाही. 2022 मध्ये अमेरिकेतल्या 30 लाखांहून जास्त गर्भारपणांच्या नोंदी तपासल्या गेल्या. वरवर पाहता गोळी घेणाऱ्यांच्या मुलांत मेंदूच्या वाढीचे आजार जास्त दिसत होते. आईचा आजार आणि इतर कारणं हिशेबात धरल्यावर तो फरक जवळजवळ पुसला गेला.

हे कात्रण मात्र आमच्या शिबिरात कुणी आणलं नाही. भीती विकली जाते. ती ओसरल्याची बातमी कुणी विकत घेत नाही. आता शिबिराची फी किती होती हे मी सांगत नाही, पण तेवढ्यात त्या मुलीच्या पुढच्या दोन वर्षांच्या गोळ्या आल्या असत्या.

म्हणजे गोळी अगदी निर्धोक आहे का? नाही. तसं कुणी सांगत असेल तर तेही खोटंच. गर्भारपणाच्या शेवटापर्यंत या गोळ्या घेतलेल्या आयांची जवळजवळ तिसरा हिस्सा बाळं जन्मल्यावर काही दिवस कुरकुरी, थरथरी असतात, नीट पीत नाहीत, श्वास जोरात चालतो. बहुतेकांचं काही दिवसांत, फार तर दोनेक आठवड्यांत थांबतं, पण त्या बाळांवर लक्ष ठेवावं लागतं. फुप्फुसातल्या रक्तदाबाचा एक गंभीर आजार हजारात 2 बाळांना होतो, तो गोळी घेतलेल्या आयांच्या बाळांत हजारात 3 पर्यंत जातो. दिवस भरण्याआधी प्रसूती होण्याची शक्यता थोडी वाढते. ती स्वीडनच्या भावंडांच्या तुलनेतही पुसली गेली नाही. फिनलंडमध्ये 2016 साली मुलांच्या बोलण्यातल्या अडचणी थोड्या जास्त आढळल्या. पॅरोक्सेटिन नावाच्या गोळीबद्दल तर अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2005 मध्येच बाळाच्या हृदयातल्या दोषांचा इशारा दिला होता. डॉक्टर गर्भारपणात ती शक्यतो नव्यानं चालू करत नाहीत. आणि 'डोक्याच्या गोळ्या' म्हणून आपण ज्या एका टोपलीत टाकतो त्यातलं व्हॅलप्रोएट, जे फिट्ससाठी आणि मनाच्या दुसऱ्या आजारात देतात, ते बाळाच्या मेंदूला खरोखरच घातक आहे. मूल हवं असेल तर त्याबद्दल दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं लागतं. म्हणजे गोळी कोणती, किती, कुठल्या महिन्यात, कुणासाठी, हे बघावं लागतं. 'विष' म्हणून मोकळं होणं सोपं आहे. त्यात बघावं काहीच लागत नाही.

आता तराजूचं दुसरं पारडं. ते आमच्याकडे कुणी उचलूनच बघत नाही, कारण आजार हा आजार आहे हेच मान्य नाही. 2006 साली अमेरिकेत 201 गर्भवतींचा अभ्यास झाला. बायका जुन्या, वारंवार उलटणाऱ्या आजाराच्या. गोळी चालू ठेवलेल्यांपैकी 26 टक्के जणींचा आजार गर्भारपणातच उलटला. बंद केलेल्यांपैकी 68 टक्के जणींचा. माझी भाची त्या 68 मधली.

"ते अमेरिकेचं, आपल्याकडे बाळंतिणीला माणसं असतात" असं म्हणणाऱ्यांना मी चोर्ल्याचा घाट उतरायला सांगते. गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळंतिणींचा अभ्यास केला, तो 2002 मध्ये छापून आला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांत 23 टक्के बायका डिप्रेशनमध्ये होत्या. चारातली एक म्हणा. कारणांत गरिबी होती, नवऱ्याशी बिनसलेलं होतं, आणि एक कारण असं की ते वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं : मुलगी होणं. पुढच्याच वर्षी त्यांनी बाळांचं लिहिलं. डिप्रेशनमधल्या आयांची बाळं सहा महिन्यांची होईतो वजनात, लांबीत आणि बुद्धीच्या वाढीतही मागे पडलेली दिसली. हे सगळं गोळीशिवाय! गोळी फेकून दिल्यावर बाळ सुरक्षित होतं हे गृहीत कुठून आलं? आई जेवत नाही, झोपत नाही, तपासणीला जात नाही, बाळाशी बोलत नाही, याचा बाळावर परिणाम होत नाही आणि 50 मिलिग्रॅमच्या गोळीचा तेवढा होतो, हे कुठलं गणित?

धर्माच्या नावानं जे बोललं जातं त्याबद्दल मला जास्त राग आहे. आपलं म्हणून जे आहे ते असं वापरलेलं बघवत नाही. म्हणतात, उदास राहणं हे आर्तध्यान, ते पापबंधाचं कारण, स्वाध्याय वाढवा. म्हणतात, असातावेदनीय कर्माचा उदय आहे, तो भोगूनच संपवायचा. बरं. मग साखर वाढते तेव्हा तो कुठल्या कर्माचा उदय असतो? आमच्या बस्तीत पहिल्या रांगेत बसणाऱ्या किती जणींच्या पर्समध्ये बीपीची गोळी आहे ते मला नावानिशी माहीत आहे. त्यांना कुणी भोगून संपवा म्हणत नाही. चार दानांत औषधदान सांगितलं आहे, आहारदानाच्या बरोबरीनं. औषध देणं हे दान, आणि सुनेच्या हातातलं औषध काढून घेणं हे काय?

आणि अहिंसा! पोटातल्या जिवाची अहिंसा. ठीक. पण पोट ज्या जिवाचं आहे तो पंचेंद्रिय संज्ञी जीव आहे ना? आचार्यांनी हिंसेचा विचार करताना नुसता जीव जाणं पाहिलं नाही, त्यामागचा प्रमाद पाहिला. विचारपूस न करता, डॉक्टरांना न सांगता, चार वर्षं चालू असलेलं औषध एका रात्रीत बंद करणं याला प्रमाद नाही तर काय म्हणायचं? मी केला तो प्रमादच होता. त्याचं प्रतिक्रमण मी करते, पण ते माझं मी.

गर्भसंस्कारच पाहिजेत तर आपल्याकडे आहेत. जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणात गर्भान्वय क्रिया सांगितल्या आहेत. गर्भाधानानंतर तिसऱ्या महिन्यात प्रीति, पाचव्यात सुप्रीति, सातव्यात धृति, नवव्यात मोद. नावं वाचा नुसती. प्रीती, धीर, आनंद. नवव्या शतकात एक मुनी गर्भवतीसाठी हे शब्द योजतो. आम्ही त्याच बाईला म्हणतो, तुझ्या मनाचं नंतर बघू, आधी बाळाचं. श्वेतांबर परंपरेतल्या कल्पसूत्रात तर अशी कथा आहे, की आईला त्रास नको म्हणून महावीर गर्भात निश्चल राहिले. त्रिशलामातेला वाटलं, गर्भ गेला. ती शोकात बुडाली. ते कळताच त्यांनी हालचाल केली आणि आईला हायसं वाटलं. आपल्या दिगंबर घरांत ही कथा सांगत नाहीत. मी मात्र भाचीच्या मुलाला सांगितली. कथेतल्या गर्भाला आईच्या मनाची काळजी होती. आमच्या सभागृहात ती नव्हती.

काही अडचणी खऱ्या आहेत, आणि त्यांवर हसणाऱ्या डॉक्टरांवरही माझा राग आहे. कॅप्सूलचं कवच बहुतेकदा जिलेटिनचं, प्राण्यांपासून केलेलं असतं. आपल्या बायका ती नाकारतात, पण डॉक्टरांना सांगत नाहीत. घरी येऊन फोडून पावडर पाण्यात घालतात नाहीतर घेतच नाहीत. सांगा ना! याच गटातलं फ्लुओक्सेटिन आपल्याकडे बहुतेक कॅप्सूलमध्ये मिळतं, सर्ट्रालिन साध्या गोळीत मिळतं. शिवाय सर्ट्रालिन अंगावरच्या दुधात फार कमी उतरतं म्हणून डॉक्टर पुष्कळदा तेच निवडतात. सूर्यास्तानंतर पाणीही घेत नसाल तर तेही सांगा. सकाळी घेता येतं का ते विचारा. 'रात्री झोपताना' असं लिहिलं म्हणून चातुर्मासात चार महिने गोळीच न घेतलेली बाई मला माहीत आहे. तिनं व्रत पाळलं, डॉक्टरांना वाटलं औषध लागू पडत नाही, त्यांनी डोस वाढवला.

आणि प्रत्येकीला गोळी लागतेच असंही नाही. हलका त्रास असेल तर नीट शिकलेल्या माणसाशी बोलण्यानं, झोपेची आणि कामाची घडी बसवण्यानं भागतं. गोव्यात शेजारपाजारच्याच साध्या बायकांना शिकवून गर्भवतींकडे पाठवण्याचा प्रयोग झाला, त्याचाही काही उपयोग दिसला. पण जिचा आजार मोठा आहे, आधी एकदा विहिरीपर्यंत नेणारा आहे, तिला 'सकारात्मक विचार कर' सांगणं म्हणजे मोडलेल्या पायाला चालून बघ म्हणण्यासारखं.

2025 च्या जुलैत अमेरिकेच्या औषध प्रशासनानं याच विषयावर तज्ज्ञांची बैठक घेतली. बोलणारे बहुतेक सगळे गोळीच्या विरोधातले. तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं ती एकांगी म्हणून हरकत घेतली. हरकतीचं राहिलं बाजूला, बैठकीचं तेवढं आठवडाभरात आमच्या मंडळाच्या मोबाइलांवर मराठीत फिरलं, वर बाळाचा फोटो. आईचा फोटो कधी नसतो, हे लक्षात आलंय का तुमच्या?

या सगळ्यात पुरुष कुठे आहेत असं विचाराल तर, आहेत. बाहेरच्या खोलीत. भाचीचा नवरा वाईट नाही, बाळाच्या पेटीपाशी तीन आठवडे बसून होता. पण पट्टी डब्यात पडली त्या रात्री तो म्हणाला, "हे बायकांचं आहे, तुम्ही ठरवा." 'तुम्ही' म्हणजे कोण, तर त्याची आई आणि बायकोची मावशी. जिचं शरीर, जिचं डोकं, जिचं मूल, तिनं फक्त एक प्रश्न विचारला होता आणि मी तो उडवून लावला.

आणि आमच्याकडे 'धारवाडला न्या' हा शब्द आहेच. जुनं मनोरुग्णालय तिथलं, म्हणून. वेड्यासाठीच तो शब्द. त्या शब्दाला घाबरून बायका डॉक्टरांकडे जात नाहीत. बेंगळूरच्या निम्हान्समध्ये आई आणि बाळ दोघांना एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग आहे, देशातला पहिला म्हणतात. बाळ तोडून न घेता. आपल्याच राज्यात आहे, आणि आम्हाला ठाऊक नाही. 14416 या सरकारी नंबरवर फोन केला तर दिवसरात्र माणूस बोलतं, पैसे पडत नाहीत. हा नंबर मी बस्तीच्या फळ्यावर, अभिषेकाच्या यादीखाली लिहिला होता. दुसऱ्या दिवशी पुसलेला होता. परत लिहिला. आता दोन आठवडे झाले, कुणी पुसलेला नाही. पण त्याच्यावर कुणीतरी 'महाप्रसाद कूपन' ची चिठ्ठी चिकटवली आहे, अर्धा दिसतो.

त्या ओटीभरणातल्या मुलीकडे मी परवा गेले होते. सासूबाई दारातच बसल्या होत्या. मी भाचीचं सगळं सांगितलं, विहिरीसकट, माझ्या वाक्यासकट. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पण आता बंद करून दोन महिने झाले की हो. आता परत चालू केलं तर चालतं का?" मी म्हटलं, ते मी सांगायचं नाही आणि तुम्हीही. सोमवारी मिरजेला जाऊ या, तिला घेऊन. गाडी मी सांगते.

दशलक्षण पर्वात महिला मंडळाचं एक व्याख्यान असतं. यंदासाठी मी हा विषय दिला आहे. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, पर्वाच्या दिवसांत जरा जड होतो, त्याऐवजी सुकामेव्याच्या पाककृती ठेवू या का? मी विषय मागे घेतलेला नाही.